दिवसाचा उजेड आणि विजेचा दिवा : इमारतींमधील प्रकाशनियंत्रणाचा ऐतिहासिक अभ्यास (१८३२ ते २००७)

प्रस्तावना

इमारतीत दिवसा येणारा सूर्यप्रकाश आणि त्याच इमारतीत लावलेला कृत्रिम दिवा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आज सामान्यतः विद्युत अभियंत्यांचा अथवा वास्तुविशारदांचा समजला जातो. ऊर्जाबचतीच्या संदर्भात त्याची चर्चा होते आणि सेन्सर, मंदक व स्वयंचलित बटणे अशा उपकरणांच्या वर्णनापाशी ती थांबते. या प्रश्नाला एक सामाजिक इतिहास आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. 'उजेड पुरेसा आहे' किंवा 'आता दिवा लावला पाहिजे' हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा या इतिहासातील मूळ प्रश्न होय. हा अधिकार कधी न्यायालयाने, कधी गिरणीमालकाने, कधी शास्त्रज्ञाने, तर कधी यंत्राने आपल्याकडे घेतला. ज्याला त्या उजेडात काम करावयाचे असते त्याच्या वाट्याला मात्र तो क्वचितच आला.

प्रस्तुत निबंधात इंग्लंडमधील कायदा व संशोधन आणि मुंबईच्या कापड गिरण्यांचा अनुभव एकत्र ठेवून या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. मुंबईचे उदाहरण येथे स्थानिक अभिमानापोटी घेतलेले नाही. नैसर्गिक व कृत्रिम प्रकाशाच्या संयोगाचा परिणाम माणसाच्या श्रमावर किती थेट होतो, हे त्या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

उद्दिष्टे

१) इमारतीतील दिवसप्रकाशाविषयीच्या कायदेशीर व शास्त्रीय कल्पनांचा विकास पाहणे.
२) विजेच्या दिव्याच्या आगमनाने मुंबईच्या गिरण्यांतील कामाच्या तासांवर झालेला परिणाम तपासणे.
३) दोन्ही प्रकारच्या प्रकाशांच्या एकत्रित नियंत्रणाची कल्पना कशी निर्माण झाली व भारतात ती कोणत्या स्वरूपात आली, याचे विवेचन करणे.

दिवसप्रकाश : हक्क म्हणून

इंग्लंड व वेल्समध्ये १६९६ मध्ये खिडक्यांवर कर बसविण्यात आला. घराला जितक्या अधिक खिडक्या तितका कर अधिक, असे त्याचे ढोबळ तत्त्व होते. कर चुकविण्यासाठी अनेकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. १८५१ मध्ये तो रद्द झाला, परंतु त्याआधीच प्रकाशाकडे पाहण्याची दुसरी दृष्टी कायद्यात आली होती. १८३२ च्या प्रिस्क्रिप्शन ॲक्टनुसार एखाद्या इमारतीने सलग वीस वर्षे अखंडपणे प्रकाशाचा उपभोग घेतला असेल तर तो तिचा हक्क ठरू लागला. शेजाऱ्याला भिंत उंच करून तो हिरावून घेता येत नसे.

हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आले. त्याच्या पंधराव्या कलमात प्रकाश व हवा यांच्या वीस वर्षांच्या निर्वेध उपभोगाला हक्काचे स्वरूप दिले आहे. मुंबई प्रांताला हा कायदा १८९१ मध्ये लागू झाला.

हक्क मान्य झाला तरी किती प्रकाशाचा हक्क, हा प्रश्न शिल्लक होता. १९०४ मध्ये 'कोल्स विरुद्ध होम अँड कलोनियल स्टोअर्स' या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने असे ठरविले की, पूर्वी येत असलेल्या सर्व प्रकाशावर मालकाचा हक्क नसून सामान्य व्यवहाराला पुरेल एवढ्याच प्रकाशावर आहे. हा निर्णय वरकरणी मर्यादित वाटतो. परंतु त्यामुळे 'पुरेसा' म्हणजे किती हे मोजण्याची गरज निर्माण झाली. पर्सी वॉल्ड्रम यांनी पुढील दोन दशकांत या मोजमापाची पद्धत बसविली. उघड्या आकाशाखाली मिळणाऱ्या प्रकाशाच्या ०.२ टक्के इतका भाग ज्या बिंदूवर पोहोचतो, त्याच्या पलीकडे माणूस कुरकुर करू लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. न्यायालयांनी ही मर्यादा दीर्घकाळ प्रमाण मानली. पुरेशा उजेडाचा निर्णय अशा रीतीने अनुभवाकडून आकड्याकडे गेला.

मुंबईच्या गिरण्या : सूर्य हाच मुकादम

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. आरंभीच्या दशकांत गिरणीचा दिवस म्हणजे सूर्याचा दिवस होता. उजाडताच काम सुरू होई आणि दिसेनासे झाले की बंद पडे. कापूस, तंतू व तेल यांनी भरलेल्या खात्यांत उघड्या ज्योतीचे दिवे धोक्याचे असल्यामुळे आणि त्यांच्या उजेडात बारीक धागा नीट दिसत नसल्यामुळे सूर्यास्त हीच कामाची व्यवहार्य मर्यादा राहिली. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणजे कामाच्या दिवसाची लांबी ऋतूप्रमाणे सव्वादोन तासांनी कमीजास्त होत असे.

गिरण्यांच्या बांधणीतही सूर्याचा विचार होता. विणाईच्या खात्यांवर करवतीच्या दातांसारखे छप्पर घातले जाई. त्याची उभी वा तिरकी काचेची बाजू उत्तरेकडे असे. थेट ऊन आत न येता आकाशाचा स्थिर उजेड सर्व मागांवर सारखा पडावा, हा त्यामागचा हेतू होय. ही रचना लँकेशायरमधून आली. तेथे सूर्य मध्यान्ही कधीच उत्तरेला जात नाही. मुंबईत मात्र साधारणतः मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे एका देशाच्या आकाशासाठी केलेला आडाखा दुसऱ्या देशात जसाच्या तसा लागू पडत नाही, हे छपरापासूनच दिसू लागते.

या काळातील कामगारांच्या मागण्यांतही सूर्य येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार व अपघातात भरपाई यांबरोबरच काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे, अशी मागणी त्यात होती. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. सुरुवातीची वेळ घड्याळाप्रमाणे मागितली आहे, शेवटची मात्र सूर्याप्रमाणे. सूर्यास्तानंतर काम चालू शकेल ही शक्यता तेव्हा मोठी नव्हती. सूर्यास्त ही कामगाराच्या हातातली, कोणत्याही मालकाला पुढे ढकलता न येणारी मर्यादा होती.

विजेचा दिवा आणि लांबलेला दिवस

मुंबईत विजेच्या दिव्याचा पहिला सार्वजनिक प्रयोग १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये झाला. तो फार काळ टिकला नाही. पुढे १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. गिरण्यांची यंत्रे विजेवर चालू लागण्यास मात्र अवकाश होता. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राची वीज १९१५ मध्ये मुंबईला मिळू लागली. याचा अर्थ असा की, अनेक गिरण्यांत यंत्र वाफेवरच फिरत असताना वीज प्रथम आली ती दिव्याच्या रूपाने. या क्रमाला महत्त्व आहे. यंत्राची शक्ती तीच राहिली, माणसेही तीच राहिली. वाढला तो केवळ उजेड, आणि उजेडाबरोबर दिवस.

१९०४-०५ हा काळ गिरणी धंद्याच्या तेजीचा होता. दिवे बसविलेल्या गिरण्यांनी काम सूर्यास्तानंतरही चालू ठेवले आणि रोजचे काम चौदा तासांच्या व क्वचित त्याहूनही पुढे गेले. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांचे तास अकरा व मुलांचे सात असे ठरविले होते. प्रौढ पुरुषांच्या तासांवर मात्र कोणतेही बंधन नव्हते. तोपर्यंत त्याची निकड भासली नव्हती, कारण ते बंधन सूर्याने घातलेले होते. विजेच्या दिव्याने ते एका फटक्यात काढून घेतले आणि कायद्यातील पोकळी उघडी पडली.

कामगारांनी १९०५ मध्ये या वाढीव तासांविरुद्ध संप केले. वृत्तपत्रांतूनही टीका झाली. सरकारने १९०६ मध्ये फ्रीअर-स्मिथ यांच्या अध्यक्षतेखाली कापड गिरण्यांतील श्रमाविषयी समिती नेमली. तिच्या पाठोपाठ मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालील कारखाना श्रम आयोग आला. त्याचा अहवाल १९०८ चा आहे. आयोगाच्या बहुमताने प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास विरोध केला. डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून थेट मर्यादेचा आग्रह धरला. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरविला. मंजूर पाळीपद्धती वगळता पहाटे साडेपाचपूर्वी व सायंकाळी सातनंतर काम करून घेण्यासही मनाई केली.

या तरतुदीचा अर्थ प्रकाशाच्या इतिहासाच्या दृष्टीने असा लावता येतो : सूर्यास्ताची जी मर्यादा विजेने पुसली, ती कायद्याने घड्याळाच्या भाषेत पुन्हा लिहिली. ही मर्यादा पुढे १९२२ मध्ये अकरा तासांवर व १९३४ मध्ये दहा तासांवर आली. कृत्रिम प्रकाशाचे नियंत्रण ही बटणाची बाब होण्यापूर्वी मुंबईत ती विधिमंडळाची बाब झाली होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या सतराव्या कलमाने उजेडाचीच तरतूद केली. कामगार काम करतात वा ये-जा करतात अशा प्रत्येक भागात नैसर्गिक, कृत्रिम अथवा दोन्ही प्रकारचा पुरेसा व योग्य प्रकाश असावा, खिडक्यांच्या व छपराच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, डोळ्यांवर तिरीप व चकाकी येऊ नये, असे त्यात सांगितले होते. 'अथवा दोन्ही' या शब्दांत संयोगाची कल्पना कायद्यात आली खरी, पण तो संयोग कसा साधावा याचे उत्तर तेव्हा शास्त्राकडेही पूर्णपणे नव्हते.

पूरक प्रकाशाचा सिद्धांत

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये शाळांची मोठ्या प्रमाणावर बांधणी झाली. १९४५ च्या नियमांनी वर्गातील बाकांवर किमान २ टक्के दिवसप्रकाश गुणांक आवश्यक ठरविला. बाहेर मोकळ्या आकाशाखाली जितका प्रकाश असेल त्याचा शेकडा किती भाग आतील बिंदूवर पोहोचतो, ते प्रमाण म्हणजे हा गुणांक. नियम पाळण्यासाठी खिडक्या मोठ्या व उंच झाल्या. त्यातून काही वर्गांत चकाकी व उष्णता वाढली. दुसरीकडे फ्लुओरेसंट नळी १९३८ पासून बाजारात आली होती. थोड्या विजेत भरपूर उजेड देणाऱ्या या दिव्यामुळे खिडकीपासून दूरवर पसरलेल्या खोल खोल्या बांधणे शक्य झाले.

अशा खोल खोल्यांचा प्रश्न गार्स्टन येथील बिल्डिंग रिसर्च स्टेशनमधील हॉपकिन्सन व लाँगमोर यांनी हाती घेतला आणि १९५९ मध्ये 'कायमस्वरूपी पूरक कृत्रिम प्रकाशयोजना' मांडली. त्यांचा मुद्दा वरवर पाहता विपरीत वाटतो. खोलीच्या मागच्या भागात वाचण्यापुरता उजेड मोजून असला तरी तो भाग काळवंडलेला दिसतो. कारण खिडकीतून दिसणाऱ्या तेजस्वी आकाशाला डोळा सरावलेला असतो. बाहेर जितके लख्ख, तितका आतला कोपरा अंधारा भासतो. म्हणून दिवसा मागच्या बाजूला लावायचा दिवा रात्रीच्या दिव्यापेक्षा अधिक प्रखर हवा आणि दिवसाची व रात्रीची योजना वेगळी हवी. दिवा येथे प्रथमच सूर्याचा पर्याय न राहता त्याचा जोडीदार ठरला.

या सिद्धांताचे शास्त्रीय मूल्य निर्विवाद आहे. त्याचा व्यवहारातील परिणाम मात्र मिश्र झाला. ऊर्जा स्वस्त असलेल्या त्या काळात 'पूरक' या शब्दाचा विसर पडला आणि 'कायमस्वरूपी' हा शब्द तेवढा उरला. दिवे दिवसभर जळतच राहणार हे गृहीत धरून इमारती खोल होत गेल्या, छत खाली आले आणि खिडकी ही प्रकाशाची वाट न राहता केवळ बाहेर पाहण्याची सोय झाली.

तेलसंकट, बटण आणि सेन्सर

१९७३ च्या तेलसंकटाने हे गृहीत मोडून काढले. ब्रिटनमध्ये क्रिस्प व हंट यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिव्यांच्या प्रत्यक्ष वापराचे निरीक्षण केले. त्यांचे निष्कर्ष साधे, पण मूलगामी होते. खोलीत शिरताना अंधार वाटला तर माणूस दिवा लावतो. नंतर बाहेर कितीही उजाडले तरी तो दिवा सहसा मालवत नाही. खोली पूर्ण रिकामी होईपर्यंत दिवे चालूच राहतात. सामायिक खोलीत हे विशेषत्वाने घडते, कारण तेथे दिवा मालविणे हा इतरांविषयी घेतलेला निर्णय ठरतो. तेव्हा अपव्यय हा आळसाचा नसून रचनेचा दोष होता.

यावर स्वयंचलित नियंत्रणाचा उपाय पुढे आला. पहिला प्रकार चालू-बंद करण्याचा. दिवसप्रकाश ठराविक पातळीच्या वर गेला की दिवा बंद, खाली आला की चालू. ढगाळ दिवशी असे दिवे वारंवार लागत-विझत आणि कर्मचारी त्रस्त होत. म्हणून लावण्याची व मालविण्याची पातळी वेगवेगळी ठेवणे आणि मध्ये काही मिनिटांचा विलंब ठेवणे, अशा सुधारणा झाल्या. दुसरा प्रकार क्रमशः मंद करण्याचा. दिवसप्रकाश कमी पडेल तेवढीच भर दिव्याने घालावी, हे त्याचे तत्त्व. उच्च वारंवारतेचे इलेक्ट्रॉनिक चोक १९८० च्या दशकात उपलब्ध झाल्यावर तो व्यवहार्य झाला.

तरीही अडचण उरलीच. छताला लावलेला सेन्सर टेबलावरचा उजेड पाहत नाही. टेबल, जमीन व भिंतींवरून परतलेला उजेड तो पाहतो. टेबलावर पांढरे कागद पसरले तरी त्याचा अंदाज बदलतो. खिडकीचे थेट तेज त्याच्या कक्षेत आले तर तो दिवा गरजेपेक्षा मंद करतो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत रुबिनस्टाइन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सेन्सरची जागा, त्याचा दृष्टिकोन व जुळणी यांवर सर्व यश अवलंबून असल्याचे दाखविले. जुळणी फसलेल्या ठिकाणी सेन्सरवर कागद चिकटविणारा कर्मचारी अडाणी असतो असे नाही. आपल्या डोळ्यांना काय दिसते याविषयीचा निर्णय तो आपल्याकडे परत घेत असतो.

भारतीय आकाश आणि भारतीय प्रमाणके

ब्रिटिश गणित ढगाळ आकाशावर उभे होते. त्या आकाशाचे जे प्रमाण आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९५५ मध्ये स्वीकारले, त्यात माथ्यावरचे आकाश क्षितिजापेक्षा तिप्पट तेजस्वी मानले आहे. निरभ्र आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला स्थिती नेमकी उलट असते. तेथे क्षितिजाकडचा भाग अधिक उजळ असतो. रुडकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेतील संशोधनातून भारतासाठी वेगळे प्रमाण आकाश निश्चित झाले. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असताना, थेट ऊन वगळून, ८,००० लक्स इतका बाहेरचा प्रकाश त्यात धरला आहे. ब्रिटनमध्ये हा आकडा ५,००० लक्स होता. म्हणजे १ टक्का गुणांक तेथे ५० लक्स, तर आपल्याकडे ८० लक्स. भारतीय मानक २४४० ने वर्गातील बाकासाठी १.९ ते ३.८ टक्के गुणांक सुचविला. तो १५० ते ३०० लक्सच्या आसपास येतो. करवतदाती छप्पर परदेशातून जसेच्या तसे आणणाऱ्या देशाने शंभरेक वर्षांनी स्वतःच्या आकाशाचे गणित स्वतः मांडले, ही बाब तंत्रज्ञानाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि त्याच्या आधारे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर केली. दिवसप्रकाश पोहोचणाऱ्या, २५ चौरस मीटरहून मोठ्या भागातील दिवे वेगळ्या नियंत्रणावर असावेत आणि त्यांचा उजेड किमान निम्म्याने कमी करता यावा, अशी तरतूद तिच्यात होती. हे नियंत्रण स्वयंचलित असावे असा हट्ट तिने धरला नाही. हाताने चालवायचे बटणही तिला मान्य होते. संहितेची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये आली. तथापि २००७ च्या तरतुदीतील हा पर्याय या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

निष्कर्ष

१) दिवसप्रकाश व कृत्रिम प्रकाश यांच्या संयोगाचा इतिहास हा मुख्यतः 'पुरेसा उजेड' ठरविण्याच्या अधिकाराचा इतिहास आहे. हा अधिकार न्यायालय, मालक, शास्त्रज्ञ आणि यंत्र यांच्याकडे क्रमाने सरकत गेला.

२) मुंबईच्या गिरण्यांत विजेच्या दिव्याने सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा नाहीशी केली. १९११ च्या कायद्यातील तासांचे व वेळेचे बंधन हे त्याला मिळालेले सामाजिक उत्तर होते. प्रकाशाचे तंत्र बदलले की श्रमाचा कायदाही तपासावा लागतो, असे यावरून दिसते.

३) १९५९ चा पूरक प्रकाशाचा सिद्धांत दोन प्रकाशांना समान भागीदार मानत होता. स्वस्त ऊर्जेच्या काळात या भागीदारीतून सूर्य बाहेर पडला. सिद्धांत आणि त्याचा वापर यांतील हे अंतर इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

४) स्वयंचलित नियंत्रण अयशस्वी झाले तेथे दोष बहुधा उपकरणापेक्षा त्याच्या जुळणीचा व वापरणाऱ्याला वगळण्याच्या वृत्तीचा होता.

५) शिक्षणसंस्थांपुरते बोलावयाचे तर मोठा खर्च न करताही यातून काही घेता येईल. वर्गातील दिव्यांच्या ओळी खिडक्यांना समांतर ठेवून प्रत्येक ओळीला स्वतंत्र बटण दिले, तर खिडकीलगतची ओळ बंद ठेवून आतली तेवढी लावता येते. ओळी खिडक्यांना काटकोनात असतील आणि सर्वांना मिळून एकच बटण असेल, तर शेवटच्या बाकावरील अंधारासाठी पहिल्या खिडकीपाशीही दिवा जाळावा लागतो. यासाठी वीजजोडणी करताना एकदा विचार करणे पुरेसे आहे. बटण वर्गातच, शिक्षक व विद्यार्थी यांच्या हाताशी असावे. उजेड कमी पडतो आहे की नाही, हे तेथे बसून वाचणाऱ्यालाच सर्वांत आधी कळते.